वाटून घेतलेले शनिवार

हावड्याकडे जाणारी गाडी अकोल्याला फार वेळ थांबत नाही. तेवढ्यात बाबांनी माझी बॅग बाकाखाली ढकलली, साखळी लावली, कुलूप ओढून पाहिलं, आणि आईनं समोरच्या बाकावरच्या बंगाली बाईंना गाठलं. तिचं हिंदी अकोल्याचं, त्यांचं खडगपूरचं. "बेटी अकेली जा रही है, पहली बार. जरा सोबत करना," असं ती त्यांना सांगत होती. मी सत्तावीस वर्षांची होते, पर्समध्ये नोकरीचं पत्र होतं, आणि अख्ख्या डब्यासमोर माझी अवस्था बालवाडीत सोडायला आणलेल्या पोरीसारखी झाली होती. मी सरळ खिडकीकडे तोंड केलं. गाडी हलली तेव्हा बाबा माझ्याकडे पाहून हात हलवत होते आणि आई चालत्या गाडीबरोबर चालत त्या बाईंनाच काहीतरी सांगत होती.

हे मी लिहितेय ते तिथं अकोल्यात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही. तुमच्यापैकी काहींना ही हकीकत ठाऊक आहे. माझ्या आधीपासून ठाऊक होती, हेच तर माझं दुखणं आहे.

कलकत्त्यात मला सगळ्यात आधी कळलेलं बंगाली वाक्य म्हणजे "ऍका थाको?" एकटी राहतेस? भवानीपूरला जिथं पेइंग गेस्ट म्हणून राहिले तिथल्या मालकीणबाईंनी विचारलं, मासेवाल्यानं विचारलं, पुढे टॉलीगंजला स्वतःचा फ्लॅट भाड्यानं घेतला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बौदींनी विचारलं. बौदी म्हणजे वहिनी; त्या प्रेमानंच विचारायच्या, पण मला ते प्रेम नको असायचं. "हो, मजेत," असं मी इतक्या जोरात सांगायची की पुढचा प्रश्न यायचा नाही. एकटं असणं आणि बिचारं असणं यांत फरक आहे, तो मी सगळ्यांना पटवून देत फिरत होते. अजूनही बहुधा तेच करते.

आमचं ऑफिस एस्प्लनेडला. माझं काम पाळ्या लावण्याचं. बजबजला नदीकाठी तेलाचे डेपो आहेत, तिथं आमच्या कंपनीची माणसं असतात. कोण सकाळपाळीला, कोण रात्रपाळीला, कोण रजेवर, कोणाच्या जागी बदली कोण, हे मी ठरवते. ऐकायला रुक्ष वाटेल, पण मला हे काम आवडतं. दुर्गापूजेच्या दिवसांत सगळ्यांना एकदम सुट्टी हवी असते आणि तरी डेपो चालू ठेवायचा असतो. तिथं माझी बुद्धी खरी चालते.

एक गोष्ट मात्र मला इतकी वर्षं झाली तरी जमली नाही. इथं अंधार फार लवकर पडतो. घड्याळ तेच, देश तोच, पण हिवाळ्यात पाचला कलकत्त्यात दिवे लागतात तेव्हा अकोल्यात पोरं अजून क्रिकेट खेळत असतात. आईचा फोन दिवेलागणीला यायचा, पण तो तिच्या दिवेलागणीला. माझी होऊन गेलेली असायची. मधला तो तासभर मी घरात काय करायची ते सांगण्यासारखं नाही. चहा करायची, तो गार व्हायचा.

मग टाळेबंदी आली आणि सगळं जगच एकटं झालं. तेव्हा मला, खरं सांगते, जरा बरंच वाटलं. एका ॲपवर मेंढीकोट खेळता येतो असा शोध माझ्या मावसभावाला लागला. हा प्रशांतदादा नागपूरचा, आमचं बालपण त्याच्याबरोबर पत्ते कुटण्यात गेलेलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: चौघांचा डाव, समोरासमोरचे दोघं जोडीदार, ज्या जोडीकडे जास्त दश्श्या त्यांची जीत, आणि चारही दश्श्या जिंकल्या तर समोरच्यांवर कोट. दादानं आणि मी दोन मित्र ओढले, त्यांनी त्यांचे ओढले. बघता बघता ॲपवर आमचं मंडळच उभं राहिलं. नाव 'चार दश्श्या'. पुण्याचा निखिल, दुबईची श्वेता, नाशिकची मुग्धा, टोरांटोचं एक जोडपं, बंगळुरूचे निवृत्त मास्तर. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही. पानं ॲपवर आणि गप्पा फोनच्या ग्रुप कॉलवर.

आणि वेळापत्रक अर्थातच माझ्याकडे. कोण लावणार दुसरं? टोरांटोची सकाळ, दुबईची संध्याकाळ, निखिलची अमेरिकन क्लायंटबरोबरची मीटिंग, श्वेताच्या जुळ्यांची झोप, हे सगळं जुळवून मी दर सोमवारी आठवड्याचे डाव जाहीर करायची. संकष्टीला तर वेगळाच घोळ. माझा चंद्र इथं आधी उगवतो, म्हणून मी जेवून ताजीतवानी होऊन बसायची आणि पुण्या-नाशिकची मंडळी उपाशीपोटी चुकीची पानं टाकायची. त्यावरून भांडणं झाली, तेव्हा संकष्टीला डाव बंद असा नियमच केला. लोक मला 'हेडऑफिस' म्हणायला लागले. मी वरवर चिडायची.

आईला मी सांगितलं होतं, "शनिवारी सहा ते आठ आमचा अड्डा असतो, तेव्हा फोन नको करूस." इकडे मित्रांच्या गप्पांच्या बैठकीला अड्डाच म्हणतात, माझ्याही तोंडी तो शब्द बसलाय. आई दचकलीच. "अड्डा? कसला अड्डा वं?" असं तिनं इतक्या काळजीनं विचारलं की मला पत्त्यांचा सगळा इतिहास सांगावा लागला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे चार माणसं येऊन बसतात ना तुझ्याकडे? मग झालं." येऊन कोणी बसत नाही, सगळं फोनवर असतं, हे मी परत समजावलं. तिनं परत "मग झालं" म्हटलं.

टाळेबंदी उठली. माणसं ऑफिसला, लग्नांना, गोव्याला जायला लागली. मंडळाचे आठवड्याचे डाव कमी होत गेले आणि शेवटी एकच उरला, शनिवारी संध्याकाळी सहाचा. पण तो मात्र अखंड चालला. बाबा गेले त्या महिन्याचा खंड सोडला तर एकही शनिवार चुकला नाही. आणि गंमत म्हणजे टेबल कधी रिकामं राहिलं नाही. मोकळे असल्याचं ज्यांनी कळवलं त्यांची नावं मी सोमवारी जाहीर करायची, आणि मी धरून बरोबर चौघं यायचे. एखादा कमी पडला की ॲप त्या जागी यंत्राला बसवतं, आणि यंत्राबरोबर खेळण्यात काही राम नाही. पण तशी वेळच आली नाही. तीन कधी आले नाहीत, पाचही आले नाहीत. बजबजला माझी पगारी माणसं दांड्या मारतात आणि इथं हौशी लोक घड्याळ लावल्यासारखे हजर! ऑफिसात एकदा नव्या मुलांना मी यावरून भाषणसुद्धा दिलं. म्हटलं, वेळापत्रक माणसांच्या सवयी ओळखून लावलं की हजेरी आपोआप लागते. आता ते भाषण आठवलं की कान गरम होतात.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवार होता, बाहेर पुरता अंधार झालेला. टेबलावर मी, दादा, निखिल आणि श्वेता. पानं वाटून झालेली, माझ्या हातात दोन दश्श्या, मी खुशीत. तेवढ्यात ग्रुप कॉलवर पाचवा आवाज आला. मुग्धा. धापा टाकत होती.

"सॉरी सॉरी, उशीर झाला. पण मला टेबल फुल का दाखवतंय? हा शनिवार माझा ना?"

"अगं, आपण बदलला होता ना," श्वेता म्हणाली, "तुझा पुढचा..." आणि थांबली.

मला अजून काहीच कळलं नव्हतं. मी हसत हसत विचारलं, "शनिवार माझा म्हणजे? मी तर असं काही लावलेलं नाही."

दुबईत श्वेताचं एक मूल रडायला लागलं आणि तिनं माइक बंद केला. निखिलनं उगाच एक पान टाकलं. ज्या माणसाला दर डावाला पान टाकायला युग लागतं, त्यानं ताबडतोब टाकलं, तेव्हा मला कळायला लागलं. पाळ्या लावण्यात माझा जन्म गेलाय. बदली कशी घेतात, कोणाच्या जागी कोण येतं, आणि ज्याला बदली कळवायची राहते तो कसा डेपोच्या दारात येऊन उभा राहतो, हे मला कोणी शिकवायला नको.

"दादा," मी म्हटलं, "तू सांग."

दादानं घसा साफ केला. "अगं, त्यात काही नाही. मावशीनं सांगितलं होतं. म्हणाली, शनिवारी कोणी ना कोणी जात जा रे तिच्या सोबतीला. सगळ्यांना दर वेळी जमत नाही, म्हणून आम्ही आपले शनिवार वाटून घेतले."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस," दादा म्हणाला. म्हणजे वर्षं. दादा खोटं बोलायला लागला की 'दिवस' म्हणतो.

मी फोन बंद केला. टेबलावरून उठण्याचं बटण दाबलं नाही, नुसताच बंद केला. दादानं नंतर सांगितलं की माझ्या जागी यंत्र बसलं आणि त्यानं माझ्या दोन्ही दश्श्या पहिल्या झटक्यात घालवल्या.

लाज अनेक प्रकारची असते. चूक केली की वाटते ती एक. ती बरी, माफी मागून सुटका होते. ही तसली नव्हती. मी काही चूक केलेली नव्हती. मी फक्त दर सोमवारी, मोठ्या रुबाबात, आधीच ठरलेली गोष्ट जाहीर करत होते. खरं वेळापत्रक दुसरीकडेच लागत होतं. ज्यांना मी धरून ठेवलंय असं मला वाटत होतं ते मला धरून होते. श्वेता जुळ्यांना नवऱ्याच्या अंगावर टाकून, मुग्धा क्लासवरून धावत येऊन माझी ड्यूटी करत होत्या. आणि डाव संपताना मी त्यांना काय म्हणायची? "बघा, हेडऑफिसमुळे तुमचा शनिवार कसा मार्गी लागला." हे आठवून मी त्या संध्याकाळी घरात एकटी असूनही हातांनी तोंड झाकलं. वर बौदींकडे पाहुणे आले होते, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मला वाटलं, यांनाही ठाऊक असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन केला. रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं पहिलंच बाहेर पडलं ते असं, "तू मला लोकांसमोर भिकारी केलंस."

आई काहीतरी निवडत होती, ताटाचा आवाज येत होता. तो थांबला.

"भीक काहून म्हणतेस वं?" ती म्हणाली. "आपल्याकडे असंच असते. चौधरी बाईंचे मिस्टर फिरतीवर गेले की तुला नव्हते का मी पाठवत त्यांच्याकडे झोपायला? त्या काय भिकारी होत्या? मास्तरीण होत्या चांगल्या."

चौधरी बाई मला लख्ख आठवल्या. मी काखेत चादर घेऊन जायची. त्या मला दूध द्यायच्या आणि मी गादीला पाठ टेकताच झोपून जायची. मी आईला म्हटलंही, "अगं, मी आठ वर्षांची पोर, लगेच घोरायला लागायची. माझा काय उपयोग होता त्यांना?"

"उपयोगाला कोण पाठवते? घरात दुसरं माणूस आहे, एवढंच असते सोबतीत." मग जरा थांबून म्हणाली, "श्वेताच्या जुळ्यांतल्या धाकट्याला काल ताप होता म्हणे. उतरला का?"

श्वेताच्या धाकट्याला ताप होता हे मला माहीत नव्हतं. मूल तापात असतानाच ती येऊन बसली होती. आईला मुग्धाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन माहीत होतं, निखिलचं लग्न कुठं अडलंय ते माहीत होतं. प्रशांतदादाकडून नंबर घेऊन घेऊन तिनं एकेकाला फोन केले होते, आणि आता तेच तिला करायचे. मला त्यांच्याबद्दल काय माहीत होतं? कोण कधी मोकळं असतं ते.

मी चिडून बोलायला घेतलेली बाकीची वाक्यं कुठल्या कुठे गेली. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "आणि तुझ्याकडे कोण येतं गं संध्याकाळी?"

"माझ्याकडे?" आई म्हणाली, जसं मी भलतंच काही विचारलं. "माझ्याकडे कशाला कोण पाहिजे? मला सवय झाली आता. शनिवारी मात्र चांगलं जाते. तुझ्याकडे चार माणसं आहेत म्हणून मी पण जरा टेकते."

बाबांना जाऊन कितीतरी दिवस झाले होते (मीही आता 'दिवस'च म्हणते). भाऊ पुण्याला. अकोल्याच्या त्या घरात दिवेलागणीला एक बाई एकटी बसते आणि टोरांटोपासून नाशिकपर्यंत माणसं लावून माझ्या संध्याकाळची सोय करते. आणि मी, जिचं पोट पाळ्या लावण्यावर चालतं, तिनं दोन तास फोन करू नकोस म्हणून तिला बजावलेलं. कालची लाज या लाजेपुढे काहीच नव्हती. मी "ठेवते" म्हणून फोन ठेवला आणि मग रडले. आधी रडले असते तर आईला कळलं असतं आणि तिनं आणखी कोणालातरी कामाला लावलं असतं.

त्या सोमवारी मी काहीच जाहीर केलं नाही. मंडळ बंद करायचं ठरवलं होतं. निरोपाचा मजकूरही डोक्यात तयार होता, सगळ्यांचे आभार वगैरे, अगदी सेवानिवृत्तीच्या समारंभासारखा. शनिवारी सहाला मी मुद्दाम बाहेर जाणार होते, पण चपला घालेपर्यंत ग्रुप कॉल वाजला. इतक्या वर्षांत हा कॉल नेहमी मी लावायची. दुसऱ्या कोणी लावलेला पहिल्यांदाच वाजत होता. वाजू दिला. थांबला. परत वाजला.

उचलला तर सगळेच होते. ज्याचा शनिवार नव्हता तोही.

मी म्हटलं, "मला तुमच्यासमोर बोलायची लाज वाटतेय." यापुढचं काही तयार नव्हतं.

निखिल म्हणाला, "वाटू दे की. उतारी तुझी आहे."

मी चपला घालूनच बसले आणि पान टाकलं. त्या डावात आमच्यावर कोट झाला. दादानं नेहमीसारखं मला झापलं, दया म्हणून जराही सूट दिली नाही, आणि त्यामुळेच मी पुढच्या डावापर्यंत टिकले. संपताना मी 'हेडऑफिस' छाप काही बोलले नाही. श्वेताला विचारलं, धाकटा कसा आहे. ती बराच वेळ सांगत होती.

वेळापत्रक आता मी लावत नाही. शनिवारी कोण येणार ते मला आधी कळत नाही, आईला कळतं. दर वेळी कॉल उचलताना मान खाली जाते, अजूनही. कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढून आलंय हे माहीत असताना हातातली पानं नीट लावता येत नाहीत. पण मी बसते. तुम्ही विचाराल, आता घर कुठलं म्हणतेस? अकोला की कलकत्ता? पूर्वी मी यावर बरंच काही बोलायची. आता एवढंच वाटतं, जिथल्या कुणाच्यातरी हिशेबात आपली संध्याकाळ धरलेली असते ते घर. आणि त्या हिशेबानं पाहिलं तर माझ्या आईला कित्येक दिवस घर नव्हतं.

म्हणून मंगळवार मी घेतला. आईची दिवेलागण, माझी नव्हे. ती पत्ते खेळत नाही, तेव्हा आम्ही खेळत काही नाही. परवाच्या मंगळवारी मेट्रो मध्येच बोगद्यात उभी राहिली आणि टॉलीगंजला पोहोचून फोन लावेपर्यंत तिकडेही अंधार झालेला. जिने चढता चढताच लावला. तिनं लगेच उचलला. रागावलेली नव्हती.

"तूच का?" ती म्हणाली. "मला वाटलं, आज बदली माणूस येईल."

मी जिन्यातच थांबले. "नाही गं," म्हटलं, "मीच आहे."

"बोलायचं आहे काही, की नुसतीच बसणार आहेस?"

"नुसतीच बसते," मी म्हणाले, आणि पायरीवर बसले.